लाल गाडीला आलेलं स्थळ

कोल्हापूरच्या आक्कासाहेब इंगळ्यांनी नवऱ्याच्या मागं लेकीसारखी जपलेली लाल इटालियन स्पोर्ट्स कार अखेर विकायला काढली. गिऱ्हाईक एकच आलं, साखर कारखान्याचे चेअरमन भूपालराव मगदूम, तेही चार होयबा घेऊन.

"इटलीच्या गाड्या मी कोळून प्यालोय," म्हणत भूपालरावांनी मुलगी पाहायला आल्यासारखी गाडीभोवती फेरी मारली. "वय झालंय. रंग उतरलाय. अंगानं बुटकी. निम्म्या किमतीत द्या, दुसरं कोण नेणार हिला?"

आक्कासाहेबांनी हसून पोह्यांची बशी पुढं केली. "तुम्ही तिला पाहिलंत. आता तिलाही तुम्हाला पाहू द्या. जरा चालवून दाखवा."

भूपालराव ऐटीत उजवं दार उघडून आत बसले. हात पुढं गेले आणि हवेतच राहिले. स्टिअरिंग पलीकडं, डाव्या सीटसमोर होतं. होयबांनी तोंडाला रुमाल लावले.

भूपालराव गाडीइतकेच लाल होऊन उतरले. "विचार करून कळवतो."

"कशाला तसदी घेता? मुलीकडूनच नकार आहे," आक्कासाहेब म्हणाल्या. "ती म्हणते, ज्याला माझी बाजूच कळत नाही, त्याच्या घरी मी नांदू कशी?"