साठ मिनिटांची कॅसेट

"...आणि ज्या गाण्यात उघड उघड चूक आहे, ते सर्वोत्तम गाण्यांत कसं बसेल, उस्ताद?"

"कुणाची चूक?"

"गायिकेची. ऐन कडव्यात ती हसलीये."

उस्ताद दस्तगीर मोमीन बशीत चहा ओतत राहिले.

मिरजेत, चुरमुऱ्याच्या भट्टीमागच्या एका खोलीत उस्तादांनी चाळीस वर्षं गाणी ध्वनिमुद्रित केली. भट्टी दुपारी थंड व्हायची, तेवढ्या वेळात रेकॉर्डिंग चालायचं. आता भट्टी नव्हती. खोली होती, मशिन होतं, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे उस्ताद होते. आवाजाचं काम शिकणारी पोरं अजूनही त्यांच्याकडे यायची. ते त्यांना यंत्राबद्दल फारसं सांगत नसत. नुसतं ऐकायला बसवत.

समोर बसलेली मंजिरी तगारे शिकायला आली नव्हती. ती सांगलीची, तिचं औषधांचं दुकान होतं, वय अडतीस. "ओसरी" या कऱ्हाडच्या बँडच्या नऊ कॅसेटी आणि त्यांतली नव्वद गाणी तिला तोंडपाठ होती. कुठल्या गाण्यात व्हायोलिन कुठे उशिरा येतं, कुठलं यमक ओढूनताणून आणलंय, हे ती विचारण्याआधी सांगायची. नव्वदांतून तिने बारा निवडली होती. ती बारा मूळ रिळांवरून एका कॅसेटवर उतरवून हवी होती. रिळं उस्तादांकडेच होती, कारण त्या नऊही कॅसेटी त्यांनीच केल्या होत्या.

कॅसेट आईसाठी होती. आईला येत्या रविवारी सत्तर वर्षं पूर्ण होत होती. घरात "ओसरी" आणली ती आईनेच. पगाराच्या दिवशी ती कॅसेट घेऊन यायची आणि स्वयंपाक होईपर्यंत दोन्ही बाजू वाजायच्या. मंजिरी आणि तिचा भाऊ हेरंब वहीच्या शेवटच्या पानावर याद्या करायचे. एकच कॅसेट ठेवायची झाली तर कुठली गाणी ठेवायची? हा त्यांचा लहानपणापासूनचा खेळ. पुढे पुढे अकरा गाण्यांवर दोघांचं एकमत झालं. बाराव्यावर मात्र कधीच झालं नाही.

मंजिरी म्हणायची, "उशिराचं ऊन". संथ, निर्दोष, एक स्वर इकडचा तिकडे नाही.

हेरंब म्हणायचा, "खारीची वरात".

आईच्या पासष्टीला कॅसेट द्यायची ठरली होती तेव्हा याच गाण्यावरून दोघांचं बिनसलं. हेरंब म्हणाला, तू गाणी ऐकत नाहीस, पेपर तपासतेस. मंजिरी म्हणाली, तुला आयुष्यात एकही गोष्ट धड करता आली नाही, म्हणून तुला चुका आवडतात. हेरंबची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. तो उठून गेला. त्यानंतर तो इंदूरला स्थायिक झाला. पाच वर्षं राखी पोस्टाने जात होती. फोन नव्हता.

हे सगळं तिने उस्तादांना सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं, स्वतःचं वाक्यसुद्धा. मग म्हणाली की तिला फक्त त्यांचा निर्णय हवा आहे. ज्याने रेकॉर्डिंग केलं त्यानेच ते गाणं सदोष आहे म्हटलं, तर प्रश्न मिटतो.

"आणि मी तसं म्हटलं की तुझ्या भावाला कळवणार?"

"...हो."

उस्तादांनी मान डोलावली. उठून कपाट उघडलं. आतून पारदर्शक कागदात गुंडाळलेली एक कोरी कॅसेट काढली. साठ मिनिटांची. चांगल्या प्रतीची त्यांच्याकडे एवढीच उरली होती. मशिनची पुसायची सोय कधीच बंद पडली होती, त्यामुळे एकदा भरलं की भरलं, हेही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे आज ठरवावं लागेल," मंजिरी म्हणाली.

"यादी दे."

तिने दिली. सुंदर अक्षरात, प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं आणि सेकंद लिहिलेली. उस्तादांनी ती न वाचता घडी घालून खिशात ठेवली.

"नावं तोंडाने सांग. एकेक."

काम सुरू झालं. रीळ लावायचं, गाणं उतरवायचं, रीळ काढायचं. उस्ताद प्रत्येक गाणं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत. तिसऱ्या गाण्याला त्यांनी डोळे मिटले. पाचव्याला मांडीवर ठेका धरला. सहाव्याला म्हणाले, वा, ही पोरं कोण? मंजिरी चमकून बघायला लागली, तर ते हसत होते.

सातव्या गाण्यात ती म्हणाली, "इथे हार्मोनियम किंचित मागे आहे, बघा."

"बघतो," उस्ताद म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

आठव्यापासून तिने फक्त नावं सांगितली.

अकरा गाणी झाली तेव्हा साडेचार वाजले होते. दुसऱ्या बाजूला पाचेक मिनिटांची जागा उरली होती. मंजिरीने बाराव्याचं नाव घेण्याआधीच उस्तादांनी एक जाडजूड रीळ मशिनवर चढवलं. त्याच्या डब्यावर फिकट शाईत "खार" एवढंच लिहिलेलं होतं. कॅसेटचं मशिन त्यांनी बंदच ठेवलं.

"हे भरायचं नाही," ते म्हणाले. "ऐकायचं."

ढोलकी सुरू झाली. गायिका विमल भोसेकरचा तो मोकळा, जरा खरबरीत आवाज आला. खार नवरी होऊन फांदीवरून निघाली, मागे मुंगळ्यांचा वाजंत्रीताफा... दुसऱ्या कडव्यात विमलचा आवाज थरथरला, ती खुदकन हसली, सावरली आणि पुढची ओळ हसऱ्या आवाजातच गायली. मंजिरीने इथवर शंभरदा ऐकलं होतं.

पण गाणं संपल्यावर रीळ थांबलं नाही. कॅसेटवर कधीच न आलेला आवाज खोलीत भरला. खुर्च्या सरकल्या. विमल विचारत होती, "उस्ताद, हाडं शाबूत आहेत ना?" आणि मागे चारपाच माणसं पोट धरून हसत होती.

"काय झालं होतं?"

उस्तादांनी भिंतीतल्या काचेकडे बोट केलं. काचेपलीकडे बँड बसायचा, अलीकडे ते. ढोलकी अशी लागली होती की ते स्टुलावर बसल्या बसल्या दोन्ही पायांनी ठेका धरायला लागले. हातही हवेत गेले. स्टुलाचा पाय मोडला. काचेतून विमलला एवढंच दिसलं की उस्ताद होते आणि उस्ताद नाहीत.

मंजिरीने ओठ दाबून धरले.

"मग परत गायला नाही लावलंत?"

"लावलं की. अकरा वेळा गायली बिचारी. एकदाही चुकली नाही."

"अकराही आहेत?"

"याच रिळावर."

"मग त्यांतलं एखादं का नाही घेतलं?"

उस्तादांनी रीळ तसंच चालू ठेवलं.

दुसऱ्यांदा गाणं सुरू झालं. स्वच्छ. ढोलकी जागच्या जागी, शब्द नीट. मंजिरी पुढे सरकून ऐकू लागली. हेच तर हवं होतं. तिसऱ्यांदा त्याहून स्वच्छ. चौथ्यांदा विमलने एक छोटी हरकत घेतली, तीही नेमकी.

दुसरं कडवं आलं की मंजिरीचं अंग आपोआप सावध व्हायचं. ती जागा जवळ यायची... आणि सरळ निघून जायची.

पाचव्यांदा गाणं लागलं. दुसरं कडवं आलं. ती जागा आली. तिथे कुणी हसलं नाही.

मंजिरी हसली.

आधी नुसतं नाकातून. मग तिला आवरेना. तिने ओढणी तोंडावर धरली, तरी आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ते कशाचं होतं हे तिलाही सांगता आलं नसतं. उस्तादांनी रीळ थांबवलं. पाण्याचा तांब्या पुढे केला.

ती पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला.

"उस्ताद... पहिलं परत लावाल? एक मिनिट थांबा फक्त."

तिने पर्समधून फोन काढला. नाव शोधावं लागलं नाही, पण दाबायला वेळ लागला. चार वेळा वाजला. पाचव्याला उचलला.

"आई बरी आहे ना?" पलीकडून हेरंबने विचारलं. पाच वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य.

"बरी आहे. ऐक," मंजिरी म्हणाली. तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि टेबलावर ठेवून दिला.

उस्तादांनी रीळ लावलं. ढोलकी सुरू झाली. खार फांदीवरून निघाली. फोनमधून श्वासाचाही आवाज येत नव्हता. मंजिरीला वाटलं, त्याने फोन ठेवला. मग दुसरं कडवं आलं, विमल खुदकन हसली, आणि तिच्या बरोबरीने, त्याच क्षणी, इंदूरहून हेरंब हसला.

गाणं संपलं.

उस्तादांनी रीळ थांबवलं.

"दादा, त्या दिवशी मी जे बोलले..."

"मीही कमी बोललो नाही."

"तरी माझं जास्त लागणारं होतं."

"लागलं," हेरंब म्हणाला. "पण आता नोकरी बरी आहे. तू कुठे आहेस?"

तिने सांगितलं. मिरजेत, उस्तादांकडे, आईची कॅसेट भरतेय, अकरा गाणी झालीत, बारावं राहिलंय. आणि बारावं म्हणून "खारीची वरात" घेतेय, हेही सांगितलं.

"अजिबात नको," हेरंब म्हणाला. "उशिराचं ऊन घे."

"म्हणजे?"

पाच वर्षं तो तेच ऐकत होता. आधी चुका शोधण्यासाठी लावायचा. एकही सापडली नाही. मग नुसताच लावायला लागला. नोकरी नव्हती त्या दिवसांत रोज लावायचा. आता शेवट त्याच गाण्याने व्हायला हवा, तो म्हणाला, आणि यात बोलायला जागाच नाही.

मंजिरी म्हणाली की जागा आहे. तिने आजच पाच वेळा ऐकलंय, आणि शेवट खारीनेच होणार. हेरंब म्हणाला की तू नेहमीच आयत्या वेळी पलटी खातेस, चौथीत असल्यापासून. मंजिरी म्हणाली की चौथीत टेपरेकॉर्डरचं बटण कुणी तोडलं ते आईला अजून माहीत नाही, सांगू का? हेरंब म्हणाला, बटण मी तोडलं, पण तिसरी कॅसेट गुंतली तेव्हा पेन्सिलीने कोण तासभर गुंडाळत बसलं होतं? तू तर रडत होतीस. मी रडत नव्हते. रडत होतीस, शेंबूड पुसायला माझा सदरा घेतला होतास. दोघंही एकाच वेळी बोलत होते, हसत होते, एकमेकांना ऐकत नव्हते आणि सगळं ऐकत होते.

बोलता बोलता मंजिरीने मान वर केली.

उस्तादांनी शिकाऊ पोरांसाठी ठेवलेला माइक टेबलावर, फोनच्या आणि तिच्या मधोमध आणून ठेवला होता. कानांवर हेडफोन चढवला होता. कॅसेटच्या मशिनवरचा लाल दिवा लागला होता, आणि आतली चाकं फिरत होती.

"उस्ताद, हे..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हेडफोनची एक बाजू जराशी उचलून हळूच म्हणाले,

"फोन जरा जवळ घे, बाळ. भावाचा आवाज कमी येतोय."