कपित्थग्रामाचे बियाणे

फार पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठी पोतन नावाच्या नगरीत राजा जयंधर राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्वाने कालवे खणणाऱ्या एका मजुराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सुनेत्र. बुद्धीच्या आणि कष्टांच्या बळावर तो आधी कालव्यांवरील लेखनिक, मग धान्यागाराचा अधिकारी आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी राज्याचा महामात्य झाला. जयंधराचा आजोबा, पिता आणि पुढे स्वतः जयंधर अशा तीन राजांची त्याने बेचाळीस वर्षे सेवा केली. दोन युद्धे त्याने बोलणी करून टाळली, सात कालवे बांधविले आणि चोरीसाठी डोळे काढण्याची जुनी शिक्षा बंद करविली. लोक त्याला अमात्यबाबा म्हणत.

राजभाग, म्हणजे पिकातला राजाचा वाटा, ठरविण्याची पद्धतही त्यानेच घालून दिली होती. त्याच्या आधी राजाचे अधिकारी पीक न पाहताच धान्य उचलून नेत. तरुण सुनेत्र स्वतः गावोगावच्या खळ्यांवर जाई, राशीत हात खुपसून मूठभर धान्य काढी, चार दाणे चावून पाही आणि पीक कसे आले आहे हे ओळखून त्या गावाचा भाग ठरवी. पुढे त्याचे गुडघे धरले आणि कामेही वाढली. तेव्हा प्रत्येक गावाच्या गामणीने, म्हणजे प्रमुखाने, मूठभर धान्य फडक्यात बांधून नगरीत आणावे आणि अमात्याने ते सभेतच पारखावे, असा प्रघात पडला. त्याला मूठदर्शन म्हणत.

या प्रघातात एक दोष शिरला आणि तो कोणाच्याही लक्षात आला नाही. अमात्यबाबा आपले धान्य तोंडात घालणार, म्हणून गावोगावच्या बायका त्या मुठीसाठी एकेक दाणा निवडू लागल्या. किडका, पोचट किंवा मातकट दाणा त्यात जाऊ नये याची त्या फार काळजी घेत. त्यांच्या मनात कपट नव्हते, आदर होता. सुनेत्राला मात्र वर्षागणिक पीक सुधारत असल्याचे समाधान वाटे.

पुढे डोंगराकडील अकरा गावांत लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही. दुसऱ्या वर्षी कपित्थग्रामात साळीच्या लोंब्या रिकाम्याच वाळल्या. मूठदर्शनाचा दिवस आला तेव्हा गामणी बकुलाला पोचट दाणे घेऊन जाण्याची लाज वाटली. जे सांगायचे ते तोंडाने सांगू, असा त्याने विचार केला. त्याची वृद्ध चुलती चुंदी हिने भिंतीत लिंपून ठेवलेला रांजण फोडला आणि आदल्या चांगल्या वर्षीचे टपोरे बियाणे त्याच्या फडक्यात घातले.

सभेत सुनेत्राने दोन दाणे चावले.

“दाणा टणक आहे, गामणी.”

“बाबा, यंदा पावसाने फार ओढ दिली. हे धान्य तर...”

“बेचाळीस वर्षे मी दाणे चावतो आहे. पाऊस भरपूर झाला, असे म्हणणारा गामणी अजून मला भेटायचा आहे!”

सुनेत्र हसला. सभाही हसली. सभा हसते आहे हे पाहून बकुलही थोडा हसला, आणि पुढचे शब्द तसेच गिळून घरी गेला. उरलेल्या दहा गामणींचीही तीच गत झाली. अकराही गावांवर पूर्ण राजभाग बसला. जे काही उरले होते ते, बियाण्यासकट, राजाच्या गाड्यांतून नगरीत आले.

चार महिन्यांनी द्वारपालाने वर्दी दिली, की डोंगराकडची माणसे वेशीबाहेर झाडांची साल सोलून खात आहेत. सुनेत्र त्याच दिवशी पालखीत बसून कपित्थग्रामाला गेला. एकोणीस वर्षांत तो त्या गावी गेला नव्हता.

गावात धूर कोठेच नव्हता. कुत्रीही नव्हती. एका दारात चुंदी बसली होती. तिने पालखी पाहिली, पण ती उठली नाही.

“पालखी कशाला आणलीत, बाबा? तिला चार खांदे लागतात. आमच्याकडे तिरडीला दोनच मिळतात, म्हणून आम्ही ओढून नेतो.”

सुनेत्र पालखीतून उतरला. “आई, तुमच्या गावचे धान्य मी स्वतः पारखले होते.”

“ते पेरायचे होते. तुम्हाला वाईट दाणा कसा द्यावा, म्हणून मी माझ्या हाताने रांजण फोडला. माझ्या दोन्ही नातवंडांनी मरताना भात मागितला. तुमच्या तोंडात गेले तेवढेही दाणे घरात नव्हते.”

सुनेत्राने तेथूनच धान्यागार उघडण्याची आज्ञा पाठविली. पण अकरा गावांतील प्रत्येक तिसरे माणूस तोपर्यंत मेले होते.

तो नगरीत परतला तेव्हा अकराही गामणी दोरांनी बांधलेले सभेत उभे होते. उपामात्य सुबाहू बोलत होता. “महाराज, यांनी खोटी मूठ दाखवून राजाला फसविले. राजभागात फसवणूक करणाऱ्याचा उजवा हात तोडावा, असा नियम आहे. हात तुटले, की प्रजेला अपराधी कोण ते कळेल, आणि सिंहासनावर डाग येणार नाही. महामात्यांवरही येणार नाही.”

राजाला सुनेत्राने अंगाखांद्यावर खेळविले होते. राजा हळू आवाजात म्हणाला, “तात, आपण काही बोलू नका. आपण थकला आहात. घरी जाऊन विश्रांती घ्या.”

सुनेत्राला त्या वाक्याचा अर्थ कळला. त्याने घरी जावे, दुपारपर्यंत हात तुटावेत, आणि त्याचे नाव पूर्वीइतकेच स्वच्छ राहावे.

“महाराज, यांनी मला फसविले नाही,” तो उभा राहून म्हणाला. “बकुल या सभेत सांगत होता. मी त्याची थट्टा केली, आणि तुम्ही सारे हसलात. मी खळ्यावर जायचे सोडले आणि खळे माझ्याकडे येते असे समजत राहिलो. दोष ठरविणाऱ्याचा आहे. नियमाने जी शिक्षा होईल, ती मला करा.”

“अमात्यांना म्हातारपणी कीर्ती पचेनाशी झाली, असे दिसते,” सुबाहू म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

“तात, राजभाग चुकीचा ठरविणाऱ्याचे पद, घर, सारे जप्त होते,” राजा म्हणाला. “कालव्यांच्या शिळांवरून आपले नाव मला खोडावे लागेल. पुढची माणसे आपल्याला केवळ या दुष्काळासाठी ओळखतील.”

“ओळखू द्या. त्यांचे दोर सोडा.”

राजाने दोर सोडविले आणि सुनेत्राची मुद्रा काढून घेतली. सातही कालव्यांवर पाथरवट पाठविले गेले.

सुनेत्र पायीच कपित्थग्रामाला गेला. गावात बैल उरले नव्हते. आषाढात पेरणी आली, तेव्हा एका बाजूने बकुल आणि दुसऱ्या बाजूने सुनेत्र, असा नांगर ओढला गेला. चुंदी त्याला पाणी देई.

“पाणी देईन,” ती एकदा म्हणाली. “क्षमा मागू नका. ती माझ्याकडे नाही.”

त्याने ती कधी मागितली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तो त्याच गावात मेला. त्याला न्यायला चार खांदे मिळाले, आणि त्यांतील एक बकुलाचा होता. चुंदी दारातून उठली नाही.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना त्या जन्मीची माणसे उलगडून दाखविली. “राजा जयंधर तो आज आनंद आहे. गामणी बकुल तो सारिपुत्र. उपामात्य सुबाहू तो देवदत्त. वृद्धा चुंदी ती महाप्रजापती गौतमी. आणि महामात्य सुनेत्र तो मीच होतो.”

“भगवन्, त्या अकरा गावांत जे मेले, ते आज कोण आहेत?” एका भिक्षूने विचारले.

“उद्या भिक्षेला जाल, तेव्हा त्यांच्याच दारांत उभे राहाल,” शास्ते म्हणाले. “मी आचरलेली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ण साधना, होती. पण त्या जन्मी ती अपुरी राहिली, कारण ती चार महिने उशिरा आली.”