तांदळात लिहिलेलं नाव

वैजयंती लोणच्याचे मालक अण्णासाहेब धारवाडकर लोणच्यापेक्षा उपदेशच जास्त मुरवत. प्रयोगशाळेतल्या जागेसाठी शलाका मुलाखतीला आली, तर तिची पदवी त्यांनी पाहिलीच नाही. अर्जावर शलाका आणि दहावीच्या दाखल्यावर मुलाचं नाव, तेवढं मात्र बरोबर दिसलं.

"मी ट्रान्सजेंडर आहे. हे नाव मी स्वतः घेतलंय," शलाकानं सरळ सांगितलं.

अण्णासाहेबांना विषयच मिळाला. "बारशाला ठेवलं तेच खरं नाव! नाव बदलणाऱ्यावर कंपनीनं विश्वास कसा ठेवायचा?"

शेजारी त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई बसल्या होत्या. त्या कंपनीच्या संचालक. नेमणुकीच्या पत्रावर सही त्यांची लागे, मत कोणी विचारत नसे.

शलाकानं विचारलं, "बाई, बारशाला तुमचं नाव काय ठेवलं होतं?"

"द्वारका. त्याचं वैजयंती केलं ते ह्यांनी, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून."

"तुम्हाला विचारून?"

"छे! ताट पुढे आलं तेव्हा मी वाचलं."

शलाका वळली. "साहेब, तुम्ही दुसऱ्याचं नाव न विचारता बदललंत, तेव्हा पेढे वाटले. मी माझंच बदललं, तर अविश्वास? आणि बारशाचंच खरं असेल, तर तुमच्या प्रत्येक बरणीवर खोटं नाव आहे."

अण्णासाहेब घटाघटा पाणी प्यायले. बाईंनी मात्र शलाकाच्या नावानं नेमणुकीचं पत्र भरलं आणि खाली झोकात सही केली: द्वारका.

"अगं, हे काय?"

"खरं नाव," बाई म्हणाल्या. "चालत नसेल, तर आम्हा दोघींचीही नवी नावं मुकाट्यानं चालवून घ्या."