काठापर्यंत राखी

एका राज्यात घरांची दारं पोपटी होती, माठ गेरूचे होते, आणि बैलांच्या शिंगांना हिंगूळ फासल्याशिवाय कोणी नांगर धरीत नसे. तिथल्या सुकेतू राजाची राणी वारली, आणि राजाला कुठलाच रंग सोसेना. त्याने भानोजी रंगाऱ्याला बोलावलं.

"शहरातलं झाडून सारं कापड राखी कर. काठापर्यंत."

भानोजी चाचरला. रंगाऱ्यांची रीत अशी, की सुतकाचं कापड बुडवताना एका काठाला बोटभर पट्टी कोरी सोडायची. दुःखाला बाहेर पडायला वाट हवी, असं जुने कारागीर म्हणत. पण राजाने त्याच्यासाठी पालखी उभी केली होती, आणि पालखीची हौस कोणाला नसते? खोटं कशाला बोला, आपणही बसलो असतो. भानोजी बसला. त्याने हिरडा उकळला, गंजलं लोखंड घातलं, आणि पट्टी न सोडता सारं कापड बुडवलं.

आता, राखडोंगरावर खोकडी नावाची चेटकीण राहत असे. काठापर्यंत राखी कापड म्हणजे आत कोंडलेलं दुःख, आणि असं दुःख म्हणजे तिला उघडं दार. ती शिरली, आणि आठ दिवसांत राख कापडावरून लाकडावर, लाकडावरून मातीवर चढली. शिंगं राखी झाली, तसे बैल बांधावरच थांबले. वांगं आणि भोपळा सारखेच दिसू लागले, तशी भाजीवालीने घासाघीस सोडली. आणि ज्या बाजारात घासाघीस नाही, तो बाजार आजारीच समजावा. भानोजीची बायको पुतळाई अंथरुणाला खिळली.

वैद्य म्हणाला, "रोग नाही. तिला उठावंसं वाटत नाही. अमावास्येपर्यंत श्वासही घ्यावासा वाटणार नाही."

भानोजी राखडोंगराकडे पायी निघाला. वाटेत एक भारद्वाज पक्षी भेटला.

"माझे पंख तांबूस होते, रंगारीबुवा. तुमच्या कृपेने लोक आता मला कावळ्याचा मेहुणा समजतात. चला, खोकडीच्या गुहेची वाट दाखवतो."

खोकडी गुहेच्या तोंडाशी बसली होती. "तीन रंग सांग, सारे सोडते. तुझ्या शेजारच्या कुंभाराच्या पोरीचा भोवरा?"

"लाल, मंजिष्ठेचा. तो फिरू लागला की पोर जेवण विसरे."

दूर शहरात लाल सुटला.

"राणीच्या झोपाळ्याचे दोर?"

"हळदी. रुसून बसायच्या, गुणगुणत उतरायच्या."

पिवळा सुटला.

"हात उचलावासा वाटावा म्हणून तुझी बायको रोज पहाटे जात्याच्या खुंट्याला चिंधी बांधते. तिचा रंग?"

जात्याची घरघर भानोजीने वीस वर्षं ऐकली होती, त्या पिठाची भाकरी खाल्ली होती. राजवाड्यातल्या पडद्यांच्या चाळीस छटा त्याला पाठ होत्या. चिंधीकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

भारद्वाज कुजबुजला, "हिरवा म्हणा. बायकांना आवडतो."

"नको. अंदाजाने बायको परत मागायची नाही." तो खोकडीकडे वळला. "मला ठाऊक नाही. मी पाहिलंच नाही."

खोकडी म्हणाली, "खोटं बोलतास तर दगड केला असता. शहराला सारे रंग देते. हा एक मात्र तुझ्या डोळ्यांतून काढून घेते, कायमचा."

"घे."

तो उतरला तोवर बैल चालू लागले होते आणि भाजीवाली भांडत होती. राजाने हळदी दोर पाहिले आणि तो पहिल्यांदा रडला. कोरी पट्टी सोडू नका असा हुकूम राजानेही देऊ नये, हे त्याने दगडावर कोरवून घेतलं. भानोजीने पालखी परत पाठवली.

घरी पुतळाई जात्यापाशी बसली होती.

"अहो, उभे का? नवी चिंधी बांधलीय. कशी दिसते?"

खुंट्यावर त्याला राखच दिसत होती. तो शेजारी बसला.

"कुठला रंग आहे गं?"

तिचा हात थांबला. "वीस वर्षांत आज विचारलंत. तेही रंगारी असून."

त्याने सारं सांगितलं. मग त्याचा हात धरून तिने चिंधीवर ठेवला.

"जांभळा आहे. अर्धवट पिकलेल्या जांभळाचा."

भानोजीने डोळे मिटून जांभूळ आठवून पाहिलं. जिभेवर तुरटपणा आला. रंग आला नाही.