मानाचा कोपरा

“पण आमच्या बायका तोंडच उघडत नाहीत, त्याला मी काय करू?”

चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच रंजनाताईंनी प्रश्न टाकला. मिरजेतली त्यांची वस्ती उठून नवी घरं मिळणार होती. ती कशी हवीत ते सोमवारी पालिकेत सांगायचं. नाहीतर पालिका आपल्या मनानं काड्यापेट्या बांधून मोकळी होणार. म्हणून ताई बायकांना घेऊन सोलापूरला पुतळाबाईंकडे आल्या होत्या. पुतळाबाईंच्या वस्तीनं आपली घरं आपणच आखली होती.

“सभेत तास तास समजावते मी. सगळ्या ढिम्म!”

“अगं बया! घसा बसत नाही?” पुतळाबाईंनी विचारलं.

“बसतो की. पण दुसऱ्या कुणाला जमतंय?”

पुतळाबाई नुसत्या हसल्या... आणि उठल्या.

बाहेर मोकळ्या जागेत बांबू आणि जुन्या साड्या येऊन पडल्या होत्या. इथली रीतच तशी. आधी कापडाचं घर उभं करायचं, खऱ्याएवढं, आणि आत हिंडून बघायचं. जमीन खडकाळ, खड्डे कुठले घेता! कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक बाई बांबू धरून उभी राहते, आणि बांबूंना साड्यांच्या भिंती.

“ताई, मानाचा कोपरा तुमचा. दोन्ही हातांनी धरा हं.”

ताई खुशीत उभ्या राहिल्या आणि लगेच सुरू झाल्या. “हे बघा, ओटा इकडे...”

दाखवायला हात उचलला, आणि भिंत सपशेल खाली. सगळ्या खो खो हसल्या.

“हात!” पुतळाबाई ओरडल्या.

ताईंनी बांबू सावरला. हात न हलवता बोलून पाहिलं. “ओटा तिकडे... अहो तिकडे! त्या तिकडे!” कुणाला ओ की ठो कळेना. शेवटी त्या गप्प झाल्या.



मग फातिमाबी आत शिरली. सभेत कायम पिशवी दोन्ही हातांनी कवटाळून दाराशी बसणारी, शब्द न काढणारी बाई. आज पिशवी बाहेरच ठेवून आली. मधोमध बसून तिनं पीठ मळल्यासारखं केलं.

“दार उघडलं तर माझ्या पाठीत बसंल की,” ती म्हणाली, आणि सरळ साडी सोडून दार पलीकडे नेलं.

“मग माझी सासू झोपणार कुठं?” दुसरी तावातावानं आत आली.

झालं! सगळ्यांची तोंडं एकदम सुटली. भांडल्या, हसल्या, भिंती इकडच्या तिकडे केल्या. दार हललं तेव्हा ताईंचा जीव खालीवर झाला, पण बांबू सोडायची सोय नव्हती. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. एवढं सगळं या बायकांच्या पोटात होतं, आणि आपण एकदाही ऐकलं नाही! लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता.

उन्हं उतरेपर्यंत घर ठरलं. भांडण एकाही भिंतीवरून उरलं नाही.

ताईंनी बांबू खाली ठेवला आणि पुतळाबाईंचे हात धरले.

“जमलं हो, जमलं! आता काळजी नको. सोमवारी पालिकेत मी असं मांडते, असं मांडते की...”

दोन्ही हात पुन्हा हवेत गेले होते.

पुतळाबाई त्या हातांकडे बघत राहिल्या...

“आणि तिथं फातिमाबी बोलत असताना,” त्यांनी विचारलं, “तिची पिशवी कोण धरणार?”