इरलं आणि अध्यक्षसाहेब

तालुक्याच्या छोट्याशा संग्रहालयात हिराबाई ठोंबरे वीस वर्षं लोकांना एकेका वस्तूची गोष्ट सांगत होत्या. नवे अध्यक्ष भास्करराव दिघे शहरात वाढलेले. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, "प्रत्येक वस्तूखाली पाटी आहे. लोकांना वाचता येतं. पहिल्या तारखेपासून सांगायला बाई नको."

हिराबाई एवढंच म्हणाल्या, "बरं साहेब. जाण्याआधी तुमच्याबरोबर एक फेरी मारते. तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

भास्करराव ऐटीत पाट्या वाचत निघाले. उपड्या होडीसारख्या एका वस्तूपाशी मात्र ते थबकले. पाटीवर लिहिलं होतं, 'इरलं. बांबू आणि पळसाची पानं.' त्यांनी पुन्हा वाचलं, मागून-पुढून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "ह्याचं करायचं काय?"

हिराबाईंनी मुकाट्याने पाटीकडे बोट दाखवलं.

"अहो, ते वाचलं मी! पण हे डोक्यावर घ्यायचं की पाठीवर?"

"साहेब," हिराबाई हळूच म्हणाल्या, "पाटी आहे ना? मग मला का विचारता? तिलाच विचारा की!"

भास्कररावांचा चेहरा क्षणभर पडला, मग ते खो खो हसत सुटले. "हरलो, बाई. सांगा."

हिराबाई भात लावायला वाकतात तशा कमरेत वाकल्या. "हे असं, डोक्यावरून पाठीवर. पावसाचं पाणी मागे निथळतं आणि लावणीला दोन्ही हात मोकळे."

अध्यक्षही शेजारी वाकले. "आणि वारा सुटला तर?"

"ते उद्या सांगते, साहेब."

"किती वाजता येऊ?" भास्कररावांनी वाकूनच विचारलं.