दाराशी लाल निशाण

फार पूर्वी, उत्तरेकडच्या अफाट गवताळ मुलखात, कझाक लोकांच्या एका वस्तीत एक आई आपल्या सुनेसह लोकरीच्या पांढऱ्या तंबूत राहत असे. तिचा एकुलता एक मुलगा घोड्यांचा कळप घेऊन दक्षिणेस गेला, तो परतलाच नाही.

त्या लोकांत रंगांना वाचा होती. घरातला पुरुष निवर्तला की दाराशी भाला रोवून त्यावर निशाण बांधीत: तरुण गेला तर लाल, प्रौढ गेला तर काळे, वृद्ध गेला तर पांढरे. वर्ष सरले की तो भाला मोडीत, आणि मगच विधवेला नवा संसार मांडण्याची मुभा मिळे.

वस्तीच्या वडीलधाऱ्याला सारे आदराने ‘पांढरदाढी’ म्हणत. एका वसंतात ते लाल कापड घेऊन आले.

“वहिनी, आता मन घट्ट करा.”

“त्याचं मरण कुणी पाहिलंय? मग हे फडकं परत न्या!” आईने ठणकावले.

पुढे दर वसंतात ते येत आणि आल्या पावली परत जात. सून घोडींचे दूध काढी, शेण्या रचून ठेवी आणि संध्याकाळी सासूशेजारी उभी राहून दक्षिणेकडे पाही.

एकदा एक तोंडाळ शेजारीण पांढरदाढींना म्हणाली, “आणखी थोडं थांबा, भावजी. मग लाल चालायचं नाही, काळंच आणावं लागेल!”

बाया तोंडावर हात धरून हसल्या. आई संतापली, पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर न्हाऊन आलेल्या सुनेची ती वेणी घालीत होती. काळ्याभोर केसांत एक पांढरा केस दिसला. पांढरा म्हणजे दुधाचा रंग, आशीर्वादाचा रंग, असेच ती आजवर मानीत आली होती. आज तोच रंग तिच्या डोळ्यांत खुपला. मुलाचे वय तिने मनात थांबवून ठेवले होते. या मुलीचे मात्र थांबले नव्हते.

वेणी पुरी करून ती स्वतः पांढरदाढींकडे गेली आणि लाल कापड मागून आणले. दाराशी भाला रोवून तिने ते स्वहस्ते बांधले.

सून धावत आली. “आई, हे काय? ते येतील असं तुम्हीच म्हणत होता ना?”

“अजूनही म्हणते, बाळ. पण वाट मी पाहीन. तुझ्या वाटणीचीसुद्धा.”

वर्ष सरले. भाला मोडला. पुढे सून पलीकडच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाच्या घरी नांदायला गेली. निघताना आईने तिच्या डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधला.

आता आई एकटीच दक्षिणेकडे पाही. रोज संध्याकाळी ती दाराबाहेर मुलासाठी दुधाचा वाडगा ठेवी.

एका संध्याकाळी टापा वाजल्या. आई धडपडत बाहेर आली. घोड्यावर सून होती आणि तिच्यापुढे एक चिमुरडी.

“हिला ‘आजी’ म्हणायला शिकवलंय,” सून म्हणाली.

चिमुरडीने मात्र आधी वाडगा उचलला आणि गटागटा रिकामा केला. आईने तिच्या ओठांवरची पांढरी मिशी बाहीने पुसली, तिला उराशी धरले. मग आत जाऊन वाडगा पुन्हा भरला आणि होता तिथेच आणून ठेवला.

तात्पर्य: आपल्या माणसाची वाट जन्मभर पाहावी, परंतु त्या वाटेवर दुसऱ्याचे आयुष्य अडवून ठेवू नये.